एक खाते, चार वाटेकरी : एका सराव संकेतस्थळाचा अनुभव

सोलापुरातील अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणारे अनेक जण ज्या सशुल्क सराव संकेतस्थळाचा आधार घेतात, त्याने यंदा पासवर्ड वाटून घेण्याला आळा घालण्यासाठी तीन उपाय योजले आहेत. त्यांपैकी एकच कामाचा आहे, आणि गंमत अशी की त्याची जाहिरात ते सर्वांत कमी करतात.

नव्या मोबाइलवरून लॉगिन करताना ओटीपी मागणे हा पहिला उपाय. चौघांनी वर्गणी काढून खाते घेतले असेल, तर हा अडसर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका संदेशाने दूर होतो. ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँका आणि पोलीस कंठशोष करून सांगत असताना तो पुढे पाठवण्याची सवय मात्र लागते.

दुसरा उपाय जाचक आहे. थोड्या वेळात वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकांवरून) खाते उघडले गेले, की ते गोठवले जाते. सकाळी जुळे सोलापुरातील घरच्या वाय-फायवर, दुपारी नवी पेठेत मोबाइल डेटावर आणि सायंकाळी बार्शीच्या एसटीत चाचणी सोडवणारा विद्यार्थी एकच असतो, पण यंत्रणेला तो तिघांसारखा दिसतो. याउलट अभ्यासिकेच्या वाय-फायवर बसलेल्या सर्वांचा बाहेरून दिसणारा पत्ता सहसा एकच असल्याने खरे वाटेकरी शेजारी शेजारी बसून सहीसलामत सुटतात. माझे खाते ऐन चाचणीत गोठले आणि ग्राहक सेवेचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ मध्ये एक खाते एका घरापुरते मर्यादित केले, तेव्हा दिवाणखान्यातील टीव्हीच्या बाबतीत ते निदान समजण्यासारखे होते. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचे घर कोणते मानायचे?

तिसरा उपाय म्हणजे खात्यातच अशी सोय ठेवणे, की ते दुसऱ्याला देण्यात आपलेच नुकसान व्हावे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहिण्याची, झाल्यामुळे उत्तरे तपासून मिळणे ही आता खरी गरज आहे. येथे प्रत्येक खात्यावर महिन्याला ठरावीक उत्तरेच तपासली जातात, त्यामुळे चौघे आले की प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येतो. त्याहून उपयुक्त आहे ती चुकांची नोंद. आपण जेथे चुकलो त्यावरून पुढचे प्रश्न निवडले जातात. भूगोलात तरबेज असलेल्या मित्राने आपल्या खात्यावर दोन चाचण्या सोडवल्या, तर आपला कच्चा भूगोल संकेतस्थळाला पक्का वाटू लागतो आणि तो विषय समोर येणेच थांबते. हे एकदा लक्षात आले, की पासवर्ड द्यावासा वाटत नाही आणि त्यासाठी कोणाचे खाते गोठवावेही लागत नाही.

एक तक्रार मात्र उरतेच. शुल्क वर्षाचे एकरकमी आहे. यंत्रमागावर किंवा विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातला मुलगा एवढी रक्कम एकदम काढू शकत नाही, म्हणून तो वाटेकरी शोधतो. मासिक हप्ता दिला, तर यातील बरेच जण स्वतःचे खाते घेतील असे मला वाटते. तूर्तास, मुख्य परीक्षेची उत्तरे नियमित लिहिणाऱ्याने हे खाते एकट्याने घ्यावे. केवळ पूर्वपरीक्षेसाठी एवढे पैसे घालण्याचे कारण नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.