दहा महिन्यांनंतर: फाइव्ह वेटचा सेट आणि बुडणारं टोक

गेल्या आठवड्यात माझ्या फ्लाय फिशिंगच्या (नकली माशीने मासे धरण्याच्या) लाइनच्या टोकाचा वेल्डेड लूप, म्हणजे कारखान्यातच जोडलेला फास, माझ्या बोटांत निघून आला. ना मासा ओढत होता, ना गळ झुडपात अडकला होता. लीडर (लाइन आणि माशी यांमधला पारदर्शक, निमुळता धागा) बदलायला लूप चिमटीत धरला, तर वरचा लेप सालीसारखा सुटला आणि आतला विणलेला गाभा उघडा पडला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर कंटाळाच केला असता.

सेट नेहमीचाच: नऊ फुटी, फाइव्ह वेट (म्हणजे मध्यम वजनाच्या लाइनसाठीचा), चार तुकड्यांचा रॉड, सोबत रील आणि फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी लाइन. लाइन वेगळी घे, असं जाणत्यांनी बजावलं होतं. एकत्र स्वस्त पडत होतं, मी ऐकलं नाही. रॉड उत्तम आहे, जोड कधी ढिले झाले नाहीत. रील ठीक. आता लाइन.

वसंतात तक्रार शून्य. बर्फ वितळून नदी फुगलेली, पाणी गढूळ. अशा वेळी ट्राउट मधल्या धारेशी झुंजत बसत नाही, काठालगत किंवा खडकाच्या आडोशाला थांबते. मी टंगस्टन मण्याचे जड निम्फ (पाण्यातल्या किड्याची नक्कल) नाहीतर काळा स्ट्रीमर (छोट्या माशाची नक्कल) 3X टिपेटवर सोडत होतो (टिपेट म्हणजे लीडरचं बारीक टोक; X चा आकडा जितका मोठा तितकं बारीक). टोक तेव्हाही बुडत असेल. पण सगळंच तळाशी न्यायचं असताना ते कोण बघतंय? त्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, काचेसारखं झालं आणि पितळ उघडं पडलं. लीडर बारा फुटांपर्यंत लांबवला, 5X टिपेट, पुढे नाकतोडा किंवा मुंगीची ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी. कास्ट बरी पडायची. दोन-तीन सेकंदांत लाइनचं शेवटचं हातभर टोक पाण्याखाली जायचं, मागोमाग लीडर, आणि नाकतोडा मागे ओढला जाऊन शेपटीसारखी रेघ काढायचा. मेंड करायला (धारेने ओढू नये म्हणून लाइन बाजूला सारायला) लाइन उचलावी तर बुडालेलं टोक सुटताना भस्सकन आवाज. उथळ पाण्यातला मासा त्यानंतर थांबतो होय! दर दहा कास्टनंतर टोक शर्टाला पुसणं हा माझा उन्हाळा. त्यात वेळही तोकडा. 20 अंशांच्या पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, गोठणबिंदूजवळ साडेचौदाच्या आसपास. त्यामुळे पारा 20 वर गेला की मी गळ आवरतो. दमवून सोडलेला मासा जगेलच असं नाही. म्हणजे हाती उरते ती पहाट, आणि तीही टोक पुसण्यात.

कंपनीला लिहिलं. बिलाचा फोटो तीनदा मागितला, तीनदा दिला. उत्तर आलं: लाइन धुवा. चिडून, त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुतली. बादलीतलं पाणी तपकिरी झालं. पुढच्या दोन्ही पहाटे टोक तरंगलं! एक स्टार परत दिला.

तिसऱ्या पहाटे पुन्हा बुडालं. मग भिंगातून पाहिलं: लूपच्या मुळाशी केसाएवढी चीर. तरंगणाऱ्या लाइनच्या लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे असतात, तेच तिला वर धरतात. टोकाकडे लाइन निमुळती, म्हणजे तिथे लेप मुळातच कमी. त्यात चिरेतून पाणी गाभ्यात झिरपलं की संपलं. चीर का पडली? इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. उन्हाळाभर मी डासांसाठी डीट असलेलं मलम चोळून त्याच हातांनी गाठी मारत होतो. डीट प्लास्टिक मऊ करतं, आणि हा लेप पीव्हीसीचा. म्हणजे अर्धा दोष माझा. उरलेला अर्धा त्यांचा, कारण माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही आणि तिन्ही मेलमध्ये कुणी विचारलंही नाही.

शरद मात्र निभावला. चिरेवर लवचीक गोंदाचा थेंब लावला आणि ढगाळ दुपारी वीस नंबरच्या बारक्या ऑलिव्ह माश्या 6X वर चालवल्या. ब्राउन ट्राउट याच दिवसांत अंडी घालते, त्यामुळे तळाच्या खडीत उजळ, घासल्यासारखे दिसणारे पट्टे चुकवून चालायचं, अंडी तिथेच असतात. माझं अर्धं लक्ष तिथे, त्यामुळे टोकाकडे बघून जीव जाळायला फुरसत नव्हती.

आता हिवाळा. दुपारचे दोन तास, संथ खोल डोह, इंडिकेटरखाली (म्हणजे तरंगत्या खुणेखाली) पाण्याच्या दीडपट खोलीवर निम्फ आणि त्याच्या मागे चिलटाएवढी माशी. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं, ते बोटांनी फोडायचं. थंडीत लाइन स्प्रिंगसारखी वेटोळी होते. आधी हातभर हातभर ताणून घेतली तरच सरळ पडते. याच थंडीत गोंदासकट लूप गेला.

वीतभर टोक कापलं, नेल नॉटने (लूपशिवाय बसणाऱ्या गाठीने) लीडर बांधला. आणि लाइन तरंगतेय, नवी होती तेव्हापेक्षा चांगली! सगळ्यात बारीक भाग गेला, त्यामागचा जाड उरला. माशी जरा आपटून पडते, पण इंडिकेटरला त्याचं काय. उन्हाळ्याच्या काचेसारख्या पाण्यात काय होईल, ते तेव्हा बघू. कंपनीने शेवटच्या मेलमध्ये नव्या लाइनवर सवलत देऊ केलीये. मेल उडवलेला नाही, पण कात्री बॅगेत ठेवलीये आणि कापायला अजून लाइन उरलीये.