दहावीनंतर डिप्लोमा की बारावी सायन्स?

इंजिनिअरच व्हायचं ठरलं असेल, तर आधी वर्षं मोजा. अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४, एकूण ६. डिप्लोमाची ३ आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिग्रीची ३, तीही ६च. डिप्लोमात वर्ष वाया जातं, हा समज सोडून द्या.

खरा फरक मधल्या थांब्याचा आहे. घरची मिळकत बेभरवशाची असेल तर तो फार मोलाचा. ३ वर्षांनी डिप्लोमावाला कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला अर्ज करू शकतो, किंवा विद्यावेतनावर वर्षभर अप्रेंटिसशिप करू शकतो. नुसत्या बारावी सायन्सवर कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला अर्ज करता येत नाही. शिवाय हात लवकर बसतो: कानस चालवून लोखंडी जॉबची कड काटकोनात आणायची, गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं.

पण लांबचंही पाहायला हवं. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ११ देशांची तुलना प्रसिद्ध केली. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना पहिलं काम सहज मिळतं, पण वय वाढतं तशी ही आघाडी ओसरते आणि उतारवयात सामान्य शिक्षण घेतलेलेच कामावर जास्त टिकतात. तंत्र बदललं की नवं शिकायला पाया लागतो, हे त्यांनी दिलेलं कारण. आपला डिप्लोमा जर्मनीतल्या व्यवसाय शिक्षणासारखा कारखान्याशी बांधलेला नाही, तरी इशारा लागू पडतो.

पाया कुठे कच्चा राहतो, तेही ठरलेलं आहे: गणितात. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि समोर लाप्लास रूपांतर हा इंटिग्रेशनवर उभा असलेला भाग येतो. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन पक्कं केलं नाही, तर विषय राहतो.

बारावीच्या वाटेवर शुद्ध विज्ञान, जीवशास्त्र घेतलं तर वैद्यकीयही, सगळं खुलं राहतं. तिथे धोका एकाच परीक्षेचा: एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे. डिप्लोमानंतर ही सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. मात्र मागणीच्या कॉलेजांत जागा मोजक्या.

आमचं मत: गणित बरं आणि घर आणखी ६ वर्षं तग धरणारं असेल तर बारावी. कमाई लवकर लागणार असेल तर डिप्लोमा, पण पुढे डिग्री करायचीच या बोलीवर. आणि प्रवेशाआधी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी डोकावा. एका लेथभोवती वीस मुलं नुसती पाहत उभी असतील, तर दुसरं कॉलेज शोधा.