हायपरबेरिक ऑक्सिजन: चाळीस सेशन आणि त्यानंतरचे आठ महिने

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं, त्याला पाच वर्षं झाल्यावर लघवीतून रक्त जायला लागलं. आधी नुसती गुलाबी झाक, मग गाठी. दुर्बिणीतून बघून डॉक्टर म्हणाले, कॅन्सर परतलेला नाही. रेडिएशनमुळे मूत्राशयाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजल्यात. त्या भागाला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून जखम भरत नाही. उपाय ठरला हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासात घ्यायचा.

पहिल्यांदा गेलो तिथे फुगवायची कापडी पिशवी होती, दाब नेहमीच्या हवेच्या जेमतेम 1.3 पट. सोबत तरुण दिसण्याचं पॅकेज! तिथूनच परत फिरलो. मला लागणार होता 2.4 पट दाब, म्हणजे चौदा मीटर खोल पाण्याखाली असतो तेवढा. तो टणक भिंतींच्या चेंबरमध्येच मिळतो, माझं पारदर्शक नळीसारखं होतं. रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस. अंगावर फक्त सुती गाऊन. केसांना तेल नाही, पावडर नाही, मोबाईल नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचीच भीती.

दाब वाढताना कान गच्च होतात, घाट उतरताना होतात तसे. आवंढा गिळत राहायचं. तिसऱ्या दिवशी सर्दी असताना हट्टाने आत गेले आणि कानाच्या पडद्याला सूज आली. चार दिवस बुडाले. दोष माझाच.

विसाव्या सेशनपर्यंत काडीचा फरक नव्हता. ह्यांना म्हटलं, "पैसे पाण्यात." नवीन केशवाहिन्या फुटायला आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण रोज रक्त दिसत असताना ते कुठलं पटायला! 2019 मध्ये नॉर्डिक देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यातही 30 ते 40 सेशन दिली होती आणि लघवीचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला होता. त्या आकड्याच्या भरवशावर टिकले. तिसाव्यानंतर गाठी थांबल्या. रक्त पूर्ण बंद झालं ते मात्र सेशन संपल्यावर महिन्याभराने.

सेशन संपून आज आठ महिने झाले, आता रक्त नाही. रात्री पाचदा उठायचे, आता दोनदा. मूत्राशय काही पूर्वीसारखं झालेलं नाही, फार वेळ धरवत नाही.

कुणाला सुचवेन का? आधी दुर्बिणीने तपासून निदान पक्कं झालं असेल, छातीचा एक्स-रे आणि कान बघून झाले असतील, आणि दोन महिने रोज आणायला-न्यायला माणूस असेल, तर हो.

आणि डोळे! पंचविसाव्या सेशनच्या सुमारास चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला. मी हरखले. पण टीव्ही धूसर. घाईने लांबचा नंबर काढून चष्मा केला. हा बदल तात्पुरता असतो, तीन महिन्यांत नजर मूळपदावर आली. तो चष्मा ड्रॉवरमध्ये पडलाय, अडीच हजारांचा.