एल्डन रिंग: बॉस पाडायचा तर आधी तयारी बघा

फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा 'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम 25 फेब्रुवारी 2022 ला आला. पूर्ण किंमत मोजून घ्यावा असा हा खेळ आहे. तरी 'लई अवघड' म्हणून बरेच जण पहिल्याच मोठ्या बॉसपाशी (बलाढ्य शत्रूपाशी), मार्गिटपाशी, सोडून देतात. बहुतेकांचा हात ठीक असतो, तयारी अपुरी असते. अवघडपणाच्या बदल्यात हा खेळ तयारीला भरपूर वाव देतो, म्हणूनच तो मला इतका आवडतो.

मार्गिटपाशी जाण्याआधी व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) 20 पर्यंत न्या आणि शस्त्र +3 करा, म्हणजे तीन पायऱ्या सुधारून घ्या. +1 ला 2, +2 ला 4, +3 ला 6 असे सगळ्यात खालच्या, [1] प्रतीचे एकूण 12 स्मिथिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) लागतात. लिमग्रेव्ह टनेल्सच्या खाणीत ते मिळतात. चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर +3 च्या पुढे जाता येत नाही, त्यासाठी राउंडटेबल होल्डचा लोहार ह्यूग गाठावा लागतो. टॉरेंट घोडा मिळाल्यावर रात्री याच चर्चमध्ये परत जा. रेना नावाची चेटकीण तिथे घंटा आणि तीन लांडग्यांची राख देते. घंटा वाजवून त्या राखेतून लांडगे मदतीला बोलावता येतात. लांडगे मार्गिटला गुंतवून ठेवतात, तेवढ्यात पाठीमागून वार काढता येतात. मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस शरण आला की त्याला मारू नका. तो 5000 रून्सना (खेळातलं चलन) मार्गिटची बेडी विकतो. पहिल्या टप्प्यात ती दोनदा वापरता येते आणि दर वेळी मार्गिटला काही क्षण जमिनीला जखडते.

वजनाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. इक्विप लोड (अंगावरच्या शस्त्र-चिलखताचं वजन) 70 टक्क्यांवर गेला की रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, जड होतो आणि वेळेवर मारलेला रोलसुद्धा वाचवत नाही. चिलखत देखणं आहे म्हणून घालू नका, आकडा बघून घाला.

आता प्रत्यक्ष लढत. मार्गिट काठी वर उचलतो आणि मुद्दाम थांबतो. काठी उचलताच रोल मारणारा हमखास सापडतो. काठी खाली यायला लागली की रोल मारायचा, तोही मागे न सरकता त्याच्या अंगालगत, बाजूने. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको: पैलवान हुलकावणीला भुलला की गेला. दुसरी चूक हावरटपणाची. दोन वार बसले की तिसऱ्याचा मोह होतो, स्टॅमिना (दम) संपतो आणि रोलला काही उरत नाही. तिसरी चूक लांब पळून फ्लास्क (हेल्थ भरणारं औषध) पिण्याची. बरेच बॉस तुम्ही प्यायला लागलात की लगेच काही फेकतात किंवा झेप घेतात. त्यांचा मोठा वार चुकवल्यानंतर, ते सावरत असताना प्या.

पुढच्या बॉसना वेगवेगळी औषधं आहेत. गॉडस्किन जोडीला झोपेच्या भांड्यांनी (फेकायचे स्लीप पॉट) झोपवता येतं. एकाला झोपवा, दुसऱ्याला मारा. मोहग 'निहिल' म्हणत तीनदा रक्त ओढतो आणि स्वतःची हेल्थ भरतो, त्याआधी प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर घातलेलं फिझिक (आपण मिसळायचं खास औषध) प्या.

मलेनिया या बॉसबद्दल थोडं सविस्तर, कारण ढालीवाले तिच्यासमोर फसतात. वार ढालीवर झेलला तरी तिची हेल्थ वाढते. म्हणून झेलण्यापेक्षा चुकवा. रक्तस्राव आणि हिम ही दोन्ही अस्त्रं तिला चांगली लागतात. हिमबाधा झाली की ती काही काळ 20 टक्के जास्त मार खाते. मात्र हिमावर आग वापरू नका, आगीने तो परिणाम निघून जातो. तिचा वॉटरफाउल डान्स, म्हणजे हवेतून एकामागून एक वारांच्या फेऱ्यांचा डाव, ही खरी परीक्षा. ती हवेत थबकली की सरळ मागे पळा, दुसरी फेरी आली की तिच्या खालून पुढे रोल मारा, तिसरीलाही पुढेच. हवेत थबकली असतानाच फ्रीझिंग पॉट (हिमाचं भांडं) मारता आला तर तो डाव मोडतो.

खेळाची उणी बाजूही सांगायला हवी. पीसीवर किमान 12 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 आणि 60 जीबी जागा लागते. कार्ड कितीही भारी असलं तरी खेळ 60 फ्रेमच्या वर जात नाही. सरळ पॉजचं बटण नाही. पावसाळ्यात खानापूरकडे भर लढतीत लाइट गेली तर ती लढत गेली म्हणून समजा. यूपीएस असू द्या आणि विंडोजच्या रोमिंग फोल्डरमधलं एल्डन रिंगचं सेव्ह अधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या. खेळात मराठी नाही, कन्नडही नाही. वस्तूंची वर्णनं जड इंग्रजीत आहेत, पण ती वाचायचा कंटाळा करू नका. बॉसवर काय चालेल याचे बरेच इशारे तिथेच असतात.

जून 2024 चं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हे एक्सपान्शन (खेळाचा जोडभाग) वेगळं विकत घ्यावं लागतं आणि राडान व मोहग हे बॉस पडल्याशिवाय ते उघडत नाही. तिथे नुसती लेव्हल वाढवून भागत नाही. स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करून ग्रेसवर (विसाव्याच्या जागी) वापरले की दिलेला मार वाढतो, खाल्लेला कमी होतो. एखादा बॉस अडवून बसला तर आधी नकाशावरची चर्चं फिरून तुकडे शोधा, मग परत या.