१/२४ मापाच्या मॉडेल गाडीची बॉडी: स्प्रे कॅन की एअरब्रश (दाबाच्या हवेवर चालणारी पेनाएवढी रंगाची पिचकारी)?
कॅनमधला रंग तयारच असतो; प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) सुकला की काम सुरू. अडचण दाबाची. तो कमी करता येत नाही, म्हणून रंग जाड बसतो आणि दारांच्या खाचा बुजतात. कॅन आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा (उकळत्या कधीच नाही). २०–२५ सेंमीवरून दोन हलके हात, मग एक ओला, म्हणजे भरपूर रंगाचा. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल (रंग बाहेर पडायचं तोंड), १५–२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाब, लॅकर (थिनरवर आधारलेल्या, झटपट सुकणाऱ्या) रंगात निदान तेवढंच थिनर. थर पातळ बसतो, मेटॅलिक कण सारखे पसरतात. एकरंगी बॉडीला कॅन पुरतो, मेटॅलिकला एअरब्रशच. मात्र प्रत्येक रंगानंतर सुई-नोझल धुणं आलंच, नाहीतर पुढच्या वेळी रंग थुंकल्यासारखा उडतो.