बाह्मनी: पूरग्रस्त कॅम्पात पेशंटच्या नोंदींसाठी कितपत कामाचं?

मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी हा रिव्ह्यू सोडून दिला तरी चालेल. आमची पुण्यातली छोटी संस्था, डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सगळे व्हॉलंटियर, कुठे पूर आला दरड कोसळली की टीम निघते आणि नोंदींचं काम माझ्या गळ्यात. तुमच्याही गळ्यात असंच काही पडलं असेल तर वाचा.

बाह्मनी हे ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअर. पेशंट रेकॉर्डला ओपनएमआरएस, लॅबला ओपनईएलआयएस, बिल आणि स्टॉकला ओडू, असं तिघांना जोडून एक केलंय. छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगचं हॉस्पिटल आहे, त्यांच्यासाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने (त्यांचं ऑफिस आपल्या येरवड्यातही आहे) हे सुरू केलं. पुढे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनी जॉर्डनमधल्या अम्मानच्या हॉस्पिटलात वापरलं. तिथे इराक, सीरिया, येमेनमधले युद्धात जखमी झालेले लोक येतात, एकेकाची ऑपरेशनं टप्प्याटप्प्याने चालतात, मग मागचं रेकॉर्ड हाताशी नसेल तर सर्जन काय कपाळ करणार. लायसन्स फी शून्य. पण फुकट म्हणून लगेच उड्या मारू नका, त्याचं खाली सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते रजिस्ट्रेशन. पुरात लोकांची कागदपत्रं गेलेली असतात, आजींना जन्मतारीख विचारली तर "लिही की साठ-पासष्ट", इथे नुसतं वय टाकलं तरी चालतं, तारीख अंदाजाने आहे अशी नोंद राहते. गावांची यादी आधी चढवून ठेवलीत तर दोन-तीन अक्षरं टाकताच गाव येतं आणि तालुका-जिल्हा आपोआप भरतो. किरकोळ वाटेल, पण ज्याने एक्सेलमध्ये शिरोळ, शिरोल, शीरोळ ही तीन वेगळी गावं म्हणून मोजलेली बघितलीत त्याला विचारा. नावाला इंग्रजीसोबत आपल्या लिपीतला रकानाही लावता येतो.

आणि पेशंटला एक नंबर मिळतो. खरी किंमत या नंबरची आहे. नव्या डॉक्टरांना वाटतं पुराच्या कॅम्पात सगळे जुलाब आणि लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) येणार, प्रत्यक्षात रांग असते बीपी-शुगरवाल्यांची, गोळ्या वाहून गेल्या, केसपेपरचा लगदा झाला, आणि सांगतात काय तर "ती बारकी पांढरी, सकाळची". पहिल्या टीमने गोळीचं नाव आणि डोस नीट टाकला असेल तर पुढच्या आठवड्यातली टीम नंबर टाकून लगेच बघते. लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्यांना 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन आठवड्यातून एकदा देतात, ती कोणाला कधी दिली हेही तिथेच दिसतं, नाहीतर आज शाळेतल्या कॅम्पात आणि उद्या मंगल कार्यालयात, दोन्हीकडे तोच माणूस रांगेत. नंबर आम्ही चिठ्ठीवर लिहून मोबाईलच्या कव्हरमागे सारायला सांगतो. पुरातून माणूस बाकी काही आणो न आणो, मोबाईल आणतोच.

नेट लागत नाही हा मोठा फायदा. मिनी पीसीवर सर्व्हर, एक राउटर, टॅबवर ब्राउझर, झालं. पण लाईटचं तुमचं तुम्ही बघा, यूपीएसशिवाय विचारही नको, आणि पीसीची डिस्क एन्क्रिप्ट करूनच न्या, कारण तो डबा उचलून नेला तर अख्ख्या गावाचे आजार गेले.

आता डोकेदुखी. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न आधी 'कन्सेप्ट' म्हणून बनवावा लागतो, मग त्यांचा फॉर्म. सीईआयएल नावाची अशा कन्सेप्टची तयार डिक्शनरी आहे, तरी पूर आल्यावर हे करायला बसलात तर पाणी ओसरेल पण फॉर्म होणार नाही, हे काम मे महिन्यातच उरकायचं. आम्हाला सेटअप करून देणारा माणूस (नाव नको) तर सगळ्यांना ॲडमिनचंच लॉगिन देऊन गेला! म्हणजे गोळ्या वाटणाऱ्या पोरालाही कोणाची टीबीची हिस्टरी आहे ते उघडं. रोल वेगवेगळे करता येतात, ते करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिपोर्टला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येणारा माणूस हवाच. डब्ल्यूएचओचा इमर्जन्सी मेडिकल टीमसाठी मिनिमम डेटा सेट आहे, रोज संध्याकाळी वय, लिंग, आजारानुसार आकडे पाठवायचे, 2019 मध्ये मोझांबिकला इडाई चक्रीवादळ आलं तेव्हा तो पहिल्यांदा जोरात वापरला गेला. तसा तक्ता हवा असेल तर क्वेरी स्वतः लिहा.

पालखीच्या कॅम्पला मात्र बाह्मनी काढूच नका. भवानी पेठ, नाना पेठेत मुक्कामाला आलेले वारकरी, पायाला फोड, अंगदुखी, ओआरएस, आणि मग कोणी दिवे घाटाच्या वाटेला, कोणी लोणीच्या. त्यांचा फॉलोअप कोण घेणार? तिथे कोबोटूलबॉक्स मस्त, मोबाईलवर ऑफलाईन भरा, रेंज आली की अपलोड. फक्त कोबो मूळचं सर्व्हेचं, तोच पेशंट परत आला की नवी एंट्री, त्यामुळे शुगरवाल्यांचा पाठपुरावा त्यात करायला जाऊ नका. आणि पालखीत नाव-नंबर घेऊच नका, वय, लिंग, तक्रार बास. 2022 मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीवर सायबर हल्ला झाल्याचं उघडकीस आलं तेव्हा 5,15,000 हून जास्त लोकांची माहिती उघडी पडली. एवढ्या मोठ्यांची ही गत, आपल्या संस्थेचा पासवर्ड अजून संस्थेचं नाव आणि 123 आहे. शिवाय आता 2023 चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, आम्ही सेवाभावी आहोत म्हणून काय हवं ते गोळा करू हे चालणार नाही.

पाचपैकी साडेतीन देईन, रिपोर्टचं सोपं असतं तर चार. आधी ऑनलाईन डेमो बघा, पण आयटीवाल्या पोराला नका बसवू. कॅम्पात टेबलावर बसणाऱ्या ताईंना बसवा, आणि मागे एकाला उभं करून सतत "माझं कधी होणार?" विचारायला लावा.