एकेक कार्ड, की दोन वस्तू शेजारी-शेजारी?

लहान मुलांना नवे शब्द शिकवण्याचे दोन रस्ते आम्ही लेकीच्या तिसऱ्या वर्षात चालून पाहिले. चित्रांची कार्डं एकामागून एक दाखवायची, किंवा दोन वस्तू समोर मांडून 'सारखं काय, वेगळं काय' हे तिलाच बघू द्यायचं.

कार्डांना मी नावं ठेवणार नाही. प्रवासात, रांगेत ताटकळताना ती उपयोगी पडतात, मागे पसारा उरत नाही. गाय, छत्री, घड्याळ ही नावं तर त्यांच्यावर पटापट झाली.

माझं बिनसलं ते 'ओला' या कार्डावर. चित्र पाणी गळणाऱ्या टॉवेलचं. दोन दिवसांनी अंघोळ झाल्यावर लेक दोरीवरच्या कडकडीत वाळलेल्या टॉवेलकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ओला दे." आठवडाभर घरात टॉवेलचं नाव 'ओला' होतं. मी समजावलं की ती माझ्याकडेच संशयाने बघायची. तिचं तरी काय चुकलं? समोर एकच चित्र असेल, तर नवा शब्द हे त्या वस्तूचंच नाव, असंच कोणालाही वाटेल.

मग मोज्यांचा जोड काढला. एक नळाखाली धरला, दुसरा कोरडाच. "हा ओला. हा नाही." तिने ओला मोजा गालाला लावला, दचकली, मग कोरडा लावून पाहिला. असं चार-पाच वेळा. संध्याकाळी स्वतःची टोपी बादलीत बुडवून घेऊन आली, "ही पण ओला!" 'ओली' म्हणायला पुढे बरेच दिवस लागले, पण शब्द मोज्याला चिकटला नव्हता.

गेंटनर आणि नेमी या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या प्रयोगात हेच दिसतं. चार वर्षांच्या मुलांना नुसती सायकल दाखवून तिला नवं नाव दिलं, तर त्याच नावाची दुसरी वस्तू म्हणून ती चष्म्याकडे झुकत, कारण दोन गोल. सायकलशेजारी तीनचाकी ठेवली की स्केटबोर्डकडे वळत, दिसायला वेगळा असला तरी तोही चाकांवर चालणाराच.

शेजारी ठेवण्यात कटकट आहेच. वेळ जातो, फरशी ओली होते. जोडीही जपून निवडावी लागते. मी एकदा ओला चमचा आणि कोरडी उशी घेतली, तर ती चमचाच वाजवत बसली. सुरुवातीला मोज्याला मोजाच बरा.

तुमच्या घरी वेळ कमी असेल तर कार्डंही चालतील, फक्त दोन-दोन एकदम मांडा. एक उचलून मग दुसरं दाखवण्यात ती मजा नाही. क्रिस्टी आणि गेंटनर यांच्या २०१०च्या प्रयोगातही नमुन्याची चित्रं एकत्र समोर असतानाच मुलांना त्यांतल्या वस्तूंची सारखी मांडणी उमगली, एकामागून एक पाहताना नाही.

'ओला'चं कार्ड अजून डब्यात आहे. दाखवलं की लेक म्हणते, "टॉवेल."